शेवटी कोण बसलं होतं?

बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन राणेमावशींकडे गेलं की त्या आधी कॉम्प्युटरकडे बघायच्याच नाहीत. तुमच्याकडे बघायच्या. हातातली मेथीची जुडी खाली ठेवायच्या, पदराला हात पुसायच्या आणि विचारायच्या, "शेवटी कोण बसलं होतं ह्याच्यासमोर?"

काय बिघडलं, कसा आवाज आला, धूर निघाला का, हे सगळं नंतर. आधी माणसाचं नाव. मुलगा बसला होता म्हटलं तर मुलाचं, सून म्हटलं तर सुनेचं. आणि एकदा नाव कळलं की त्या मशीनशी त्याच नावाने बोलायच्या. "काय रे संदेश, कुठे अडकलास?" असं म्हणत स्क्रू फिरवायच्या. "थांब हां संदेश, आता जरा दुखेल," असं म्हणत वायर उपसायच्या. संदेश तिकडे शाळेत मजेत असायचा. तरी त्या अंधाऱ्या खोलीत ते ऐकताना अंगावर काटा यायचा.

लालबागला आमच्या चाळीच्या मागेच त्यांची चाळ. तळमजल्याची कोपऱ्यातली खोली, भर दुपारीही दिवा लावावा लागे अशी. भिंतीला लागून लोकांचे कॉम्प्युटर रांगेने उभे, आणि प्रत्येकावर जुन्या साडीचा एकेक तुकडा टाकलेला. दारातून पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, तोंडावर पांघरूण घेऊन माणसंच बसलीत. रेडिओ नाही, टीव्ही नाही. डाग देताना जळणाऱ्या राळेचा आणि उदबत्तीचा मिसळलेला वास. मावशी ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. काम सुरू करण्याआधी हातातल्या हिरव्या बांगड्या काढून मोरीच्या नळाला अडकवायच्या. काम संपलं की आधी बांगड्या, मग चहा.

मी तेव्हा गिरगावात एका छापखान्यात डीटीपीचं काम करायचो. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, अधूनमधून कुणाचं तरी आत्मचरित्र. घरी आम्ही तिघं. बाबा, माझी बायको सुजाता आणि मी. जादा काम घरी करता यावं म्हणून लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जोडून घेतला होता. तो पहिल्यांदा बंद पडला तेव्हा शेजारच्या चव्हाणकाकूंनी राणेमावशींचं नाव सांगितलं. पण सांगताना आवाज खाली आणला.

"दुपारीच जा हां. दिवेलागणीनंतर नको."

"का हो काकू?"

"नको म्हणजे नको. तिच्याकडची मशीनं लाइट गेली तरी घुमतात, असं म्हणतात."

मी हसलो आणि रविवारी दुपारी गेलो. तोच प्रश्न आला. म्हटलं, मीच बसलो होतो. सुधीर. पुढच्या चाळीतल्या परबांचा.

"तात्यांचा मुलगा? मग दारात काय उभा राहिलायस पाव्हण्यासारखा, आत ये."

बाबांना सगळी चाळ तात्या म्हणायची. मावशी आणि बाबा एकाच गिरणीतले.

त्यांनी मशीन उघडलं, आतली एक पट्टी काढून शाळेतल्या खोडरबराने घासली, पुन्हा बसवली. काही झालं नाही. मग लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक हार्ड डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतो तशा. 

"आहे," त्या म्हणाल्या. "आत आहे सगळं. दमलायस सुधीर, दुसरं काही नाही."

मला म्हणाल्या की डिस्कला, तेव्हाही कळलं नाही, आताही सांगता येणार नाही. डिस्क काढून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, फ्रीज उघडला आणि वरच्या कप्प्यात मासळीच्या डब्याशेजारी ठेवून दिली. "उद्या दुपारी ये. गार झालं की आतलं अडकलेलं सुटतं. थोडाच वेळ चालतं, पण तेवढ्यात काढून घ्यायचं." दुसऱ्या दिवशी माझं सगळं काम परत मिळालं. गणेशोत्सव मंडळाच्या त्या अहवालाला मासळीचा वास येतोय, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

मग मी त्यांच्याकडे जात राहिलो. कधी काम असायचं, कधी नसायचं. एकदा धीर करून विचारलं, "मावशी, ते शेवटी कोण बसलं होतं, हे कशाला विचारता?"

"अरे, माणूस उठून जातो, पण मशीनला कुठे कळतं? ते त्याचीच वाट बघत असतं. अनोळखी हात लागला तर बिथरतं. नावाने हाक मारली की जरा धीर धरतं."

हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं.

त्यांची स्वतःची हकिगत मला बाबांकडून कळली. मावशी गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, नवरा यशवंत राणे स्पिनिंगमध्ये. कणकवलीकडची माणसं. संप झाला आणि दोघांचे पगार एकदमच थांबले. पहिले काही महिने निघाले. मग भांडी गेली, गावाकडून येणारा तांदूळ पुरेना. मुलंबाळं नव्हती म्हणून एवढं तरी निभलं. एका दुपारी जेवण झाल्यावर यशवंत राणे हात धुऊन उठले. "जरा नाक्यावर जाऊन येतो," म्हणाले. घरातलाच शर्ट अंगात, पायात घरच्याच चपला. ते गेले ते गेलेच.

कुणी म्हणे भिवंडीला पॉवरलूमवर दिसले, कुणी म्हणे सुरतेला. एकाने माहीमच्या खाडीजवळ पाहिलं म्हणून सांगितलं, तर मावशी तिथल्या कोळीवाड्यात घरोघरी फोटो दाखवत फिरल्या. हॉस्पिटलं झाली, शवागारं झाली, गाव झालं. काही वर्षांनी नातेवाईक म्हणाले, आता गेला असं समज, दिवस घाल. त्या दिवसापासून मावशी कुंकू आणखी मोठं लावायला लागल्या.

पोटासाठी त्यांनी दादरला एका कॉम्प्युटर क्लासात झाडलोट धरली. क्लास चालवणारे सर भले होते. बिघडलेली मशीनं उघडून बसले की ह्या झाडू हातात घेऊन मागे उभ्या. एक दिवस सर म्हणाले, "बाई, उभ्या कशाला, बसा." तिथून हे सगळं सुरू झालं. "वाइंडिंगला तरी काय होतं," त्या मला म्हणायच्या, "धागा तुटला की टोक शोधायचं आणि गाठ मारायची. टोक हाताला लागेपर्यंत हात थांबवायचा नाही."

खोताच्या वाडीतल्या फ्रान्सिसअंकलना मावशींकडे मीच घेऊन गेलो. ते आमच्या छापखान्यात नेहमी येणारे. सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना समोरच्याचा हात हातात धरायची सवय. त्यांची बायको ग्रेस शाळेतून रिटायर झाल्यावर नातीसाठी आपल्या लहानपणच्या गोष्टी कॉम्प्युटरवर लिहीत होती. आम्ही त्याचं छोटं पुस्तक करणार होतो. पुस्तक अर्ध्यावर असताना ती लिहिता लिहिताच गेली. अंकल पाव आणायला गेले होते. वाटेत कुणी जुना मित्र भेटला, त्याच्याशी बोलत उभे राहिले. घरी आले तर ग्रेस टेबलावर डोकं टेकून झोपलेली. निदान त्यांना तसं वाटलं. त्या गडबडीत कॉम्प्युटर बंद पडला तो पुन्हा सुरूच झाला नाही.

"शेवटचं पान तेवढं पाहिजे रे," अंकल टॅक्सीत पुन्हा पुन्हा म्हणत होते. "ती सकाळी म्हणाली होती, आज आईची गोष्ट लिहिणार."

मावशींनी नेहमीचा प्रश्न विचारला. अंकलनी नाव सांगितलं, आणि त्यांना तिथे थांबवेना. बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

"या ग्रेसबाई," मावशी म्हणाल्या आणि बांगड्या काढल्या.

दोन-तीन दुपारी त्यात गेल्या. शेवटच्या दिवशी मी आणि अंकल बरोबरच गेलो. अंकल पुन्हा ओट्यावर. मी आत मावशींच्या मागे उभा. ग्रेसने फाइल सेव्ह केलेली नव्हती, पण मशीन अधूनमधून स्वतःसाठी एक तात्पुरती प्रत करून ठेवतं, ती मावशींनी शोधून काढली होती. पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. मावशींना इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, म्हणून मी मोठ्याने वाचत होतो. वाडीतलं घर, लाकडी जिना, आजारी पडलेली लहान बहीण. शेवटचं वाक्य होतं: "मग आईने मागचं दार उघडलं आणि".

त्यापुढे फक्त एकच अक्षर होतं. एम. एम, एम, एम, ओळभर, पानभर. मावशी पानं पुढे सरकवत गेल्या. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. मला आधी वाटलं, फाइल खराब झालीय. मग एकदम लक्षात आलं. ग्रेसचा हात त्या बटणावर पडून राहिला होता.

मावशी थांबल्या नाहीत. पान, पान, पान. आणि मधेच एका ठिकाणी अक्षर बदललं. चार-पाच वेगळी अक्षरं, वेडीवाकडी, एक मोकळी जागा, पुन्हा दोन अक्षरं. मग पुन्हा एम.

मावशींनी बोट तिथे ठेवलं. "हात हलला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

बाहेर अंकल कुणाशी तरी बोलत होते. एवढ्याशा पोराला विचारत होते, तुझं नाव काय, कुठल्या शाळेत जातोस.

मावशींनी माउसने त्या सगळ्या पानांवर काळी पट्टी ओढली आणि एक बटण दाबलं. पडदा रिकामा झाला. राहिली ती आईच्या दारापर्यंतची गोष्ट. मग त्यांनी मॉनिटरवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. "झालं हां ग्रेसबाई," म्हणाल्या. "आता झोपा."

मला म्हणाल्या, "हे त्यांना सांगू नकोस."

अंकल आत आले. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. विचारलं, "पुढे काही नव्हतं?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "लिहिता लिहिता उठल्या असतील, चहाचं आधण बघायला."

अंकलनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता बाबांचं सांगतो.

बाबा साचेखात्यातले, मागावरचे. संपानंतर गिरणीत परत गेलेच नाहीत, कारण परत जायला गिरणीच नीट सुरू झाली नाही. स्वभाव गोष्टीवेल्हाळ. आम्ही दोघं कामावर गेलो की दिवसभर ऐकायला कोणी नसायचं. म्हणून मी कॉम्प्युटरला माइक लावून दिला आणि लाल बटण दाबायला शिकवलं. म्हटलं, बाबा, गावच्या, गिरणीच्या, सगळ्या गोष्टी बोला. पुढे मी उतरवून घेईन. त्यांना ते भारी आवडलं. सुजाता सकाळी थर्मासात चहा करून जायची. दुपारी पडून झालं की बाबा खुर्ची ओढून माइकसमोर बसायचे आणि मालवणीत सुरू व्हायचे. सेव्ह करणं मात्र त्यांना जमलं नाही. ते मी संध्याकाळी आल्यावर करायचो.

एका दुपारी चव्हाणकाकूंना आमच्या खोलीत काही तरी पडल्याचा आवाज आला. त्या धावत आल्या तर बाबा खुर्चीखाली पडलेले. शॉक बसला असं वाटून काकूंनी घाबरून मेन स्विचच बंद केला. शॉक नव्हता, लकवा होता. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इतकं बोलणारा माणूस, त्याच्या तोंडातून आता नुसता घशातला आवाज यायचा. काहीही विचारलं तरी मान हलवायचे. जेवलात? हो. दुखतंय? हो. दुखत नाही ना? हो. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं की नाही सांगता येत नाही, हो म्हणणं तेवढं उरलंय.

तो कॉम्प्युटरही त्या दिवसापासून सुरू झाला नाही. बाबांचा आवाज होता तो तेवढाच, त्या डिस्कमध्ये. मी ते मशीन उचलून मावशींकडे नेलं.

"शेवटी कोण बसलं होतं?"

"बाबा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "ये तात्या," त्या मशीनला म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदाच त्या बोलण्याची भीती वाटली नाही.

जुन्या फाइली आठवडाभरात मिळाल्या. शेवटच्या दिवसाची मिळेना. ती सेव्ह झालेली नव्हती. तुकडे होते, इथे एक, तिथे एक. मावशी रोज दुपारी त्यांची टोकं जुळवत बसायच्या. मग एका शनिवारी चव्हाणकाकूंच्या हाती निरोप आला, आत्ताच्या आत्ता ये.

गेलो तर मावशी पाटावर बसलेल्या. बांगड्या नळालाच होत्या. चेहरा राखेसारखा झालेला. म्हणाल्या, "ऐक." बाकी काही नाही.

आधी खरखर. मग बाबांचा आवाज. खुर्ची ओढल्याचा, घसा साफ केल्याचा. गिरणीतल्या कसल्याशा भांडणाची गोष्ट सुरू होते. मधेच थांबते. मग बाबा म्हणतात, वेगळ्याच आवाजात, जसं दारात कुणी आल्यावर म्हणतात, "अरे! ये, ये. बस. उभो कित्याक?"

शांतता. मग एक खोकला. खोल, कोरडा, आतून खरवडून आल्यासारखा. बाबांचा नव्हे.

"च्या घेतंस? सून थर्मासात ठेवन गेली हा."

पुन्हा शांतता. कप ठेवल्यासारखा आवाज. पुन्हा तो खोकला. दुसऱ्या माणसाचा एकही शब्द कुठे नाही. बाबा मात्र थांबतायत, ऐकतायत, हुंकार देतायत. मग म्हणतात, "तुझी बायल हयच आसा अजून. मागल्या चाळीत." बराच वेळ काही नाही. मग, "नाय रे. मिया कसा सांगू? तूच सांग तिका."

त्यानंतर खुर्ची सरकते. एक धपकन आवाज. मग नुसतं घुमणं, आणि शेवटी लांबून चव्हाणकाकूंची किंकाळी.

"त्यांचा खोकला आहे," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, "मावशी, कापसात काम केलेली सगळीच माणसं असं खोकतात."

"मी आठ वर्षं त्या खोकल्याशेजारी झोपले, सुधीर."

"डिस्क जुनी आहे. आधी दुसऱ्या कुणाची असेल. त्याचा एखादा तुकडा यात मिसळला असेल. तुम्हीच सांगता ना, तुकडे मिसळतात म्हणून?"

"मिसळतात," त्या म्हणाल्या. "पण तुकड्याला कुणी चहा विचारत नाही."

मी म्हटलं, तेवढा भाग काढून टाकू, मला बाबांच्या गोष्टी मिळाल्या, बस झालं. त्यांनी माउसवर हात ठेवला, मला तिथे बोट लावू दिलं नाही. फ्रान्सिसअंकलसाठी पानांमागून पानं पुसणाऱ्या बाईने यातली खरखरसुद्धा पुसू दिली नाही.

घरी येऊन मी सुजाताला सांगितलं. तिने थर्मासकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी थर्मास रिकामा होता. बाबा कपभरच घेतात." धावपळीत आलेल्या-गेलेल्यांपैकी कुणी तरी घेतला असेल, असं आम्ही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आमच्याकडे आल्या. इस्त्रीची साडी, केसात अबोली. बाबांच्या कॉटजवळ जमिनीवर बसल्या, दाराकडे पाठ करून.

"तात्या," त्या म्हणाल्या, "हे आले होते?"

बाबांनी मान हलवली.

"बरे होते?"

मान हलवली.

"मला भेटणार म्हणाले?"

मान हलवली.

सुजाताला राहवेना. तिने हळूच सांगितलं, "मावशी, ते सगळ्यालाच हो म्हणतात हो."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाल्या. मग बाबांच्या अगदी जवळ सरकल्या आणि विचारलं, "तात्या, ते मेलेत का?"

बाबांनी मान हलवली नाही. आजारपणानंतर पहिल्यांदाच मी त्यांना एखाद्या प्रश्नावर स्थिर बघत होतो. ते मावशींकडे बघत नव्हते. त्यांच्या डोक्यावरून दाराकडे बघत होते. दारात पडदा होता, आणि पडद्यापलीकडे रिकामी गॅलरी. बाबांनी डावा हात, जो एकच हात चालत होता तो, अंथरुणावरून हळूहळू वर उचलला. आणि बोटं आत वळवली, एकदा, दोनदा. दाराशी घुटमळणाऱ्याला आत बोलावतात तशी.

मी पडद्याकडे बघितलं. सुजाताने बघितलं. मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी खांद्यावरचा पदर उचलून डोक्यावर घेतला, मान खाली घातली आणि तशाच बसून राहिल्या. मग त्या उठल्या, बाबांच्या पायांना हात लावला आणि पडदा बाजूला करून गेल्या. पडदा त्यांनी लगेच सोडला नाही. क्षणभर धरून ठेवला.

बाबा त्याच वर्षी गेले. झोपेत, शांतपणे.

मावशींनी दुरुस्तीची कामं घेणं बंद केलं. दाराशी कुणी मशीन घेऊन आलं तर दादरच्या सरांकडे पाठवायच्या. लोकांचे राहिलेले कॉम्प्युटर एकेक करून परत केले. शेजारणी म्हणायच्या, दुपारी तिच्या खोलीतून बोलणं ऐकू येतं. एकटीचंच, पण भांडण नाही, रडणं नाही, आपलं संसारातलं साधं बोलणं. भाजी काय आणू, पंखा लावू का. दिवेलागणीनंतर त्या दाराकडे जायला आता चव्हाणकाकूंनाही भीती वाटत नव्हती, उलट त्या म्हणायच्या, "बरी आहे गं ती. अंगावर मांस आलंय." मी भेटायला गेलो की मावशी माझ्याशी हसून बोलायच्या, सुजाताची चौकशी करायच्या. ती फाइल पुन्हा ऐकलीत का, असं एकदा विचारलं. "आता कशाला ऐकू?" म्हणाल्या.

मग दोन्ही चाळी टॉवरसाठी रिकाम्या झाल्या. माणसं कुठे कुठे पांगली. आम्ही माहीमला भाड्याने राहायला गेलो. मावशी तात्पुरत्या घरांत गेल्या असं कळलं, पण कुठल्या, ते कुणी नीट सांगू शकलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दादर टीटीच्या सिग्नलला, भर दुपारी. मी रस्त्याच्या ह्या बाजूला, त्या पलीकडे. केस पांढरे झालेले, कुंकू तसंच. उजव्या हातात भाजीची पिशवी होती. डावा हात कोपरात वाकवून अंगापासून थोडा दूर धरलेला. सिग्नल पडला. सगळी गर्दी एकदम रस्त्यात उतरली. मावशी सावकाश निघाल्या. एकट्या बाईने चालावं त्याहून खूपच सावकाश. दोन पावलं टाकली की डावीकडे मान वळवून काही तरी बोलायच्या.

मी हात वर करणार होतो. तेवढ्यात एक कोळीण डोक्यावर रिकामी टोपली घेऊन लगबगीने माझ्या पुढून निघाली आणि सरळ त्यांच्या रोखाने गेली. अगदी जवळ गेल्यावर मावशींच्या डाव्या बाजूला बघत करवादली, "ओ काका, सरका ना जरा!"

गर्दीत काका पुष्कळ असतात. मावशींनी डावा हात जवळ ओढून घेतला, कोळीण टोपली सावरत निघून गेली, आणि त्या पुन्हा तशाच सावकाश चालू लागल्या.

मी हाक मारली नाही. त्या माझ्याजवळून गेल्या तेव्हा मी दोन माणसांना पुरेल इतकी वाट सोडून बाजूला झालो.